टेकाळे सर आणि छत्तिसावा बोल्ट

टेकाळे सरांशी माझी पहिली ओळख भांडणातून झाली. अमृतमहोत्सवी गौरवग्रंथात हे लिहावे की नाही, असे मी संपादक मंडळाला विचारले होते. मंडळाने सरांनाच विचारले. सर म्हणाले, "खिल्लारेबाईंना लिहू द्या. भांडण झालं होतं आणि चूक माझीच होती." म्हणून तिथूनच सुरुवात करते.

जवळा बाजारच्या आमच्या शाळेत मी मराठीची शिक्षिका म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. आठवीच्या वर्गावर माझा तिसरा तास होता. पाठाची टाचणे काढून, नवी कोरी साडी सावरत मी वर्गात गेले तर वर्गात एकही मूल नाही. बाहेर आरडाओरडा ऐकू आला म्हणून गेले. माझी चाळीस मुले मैदानात एकामागे एक उभी, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यावर, आणि एक उंच, सडपातळ गृहस्थ शेवटच्या मुलाला मागून हलवत ओरडत होते, "जागा सोडायची नाही! फक्त धक्का पुढे द्यायचा!" धक्का रांगेतून सरकत पहिल्या मुलापर्यंत जायचा आणि मुले खिदळायची.

मी विचारले, "हा माझा तास आहे ना?"

त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितले, "पाचच मिनिटं, बाई. आत्ता हे लोखंड आहेत. वितळवतो आणि सोडतो."

मी तडक मुख्याध्यापकांकडे गेले. ते चष्मा पुसत म्हणाले, "टेकाळ्यांची तक्रार का? मग बसा. तुमच्या आधी भूगोलवाले आहेत."

दुसऱ्या दिवशी सर स्टाफरूममध्ये माफी मागायला आले. माफी मागायला येताना माणूस काय आणील? सरांनी तीन सळ्या, एक मेणबत्ती आणि मूठभर तुरीचे दाणे आणले होते. तांब्याची, पितळेची आणि लोखंडाची अशा त्या सळ्या, लांबीला आणि जाडीला अगदी सारख्या. प्रत्येकीवर मेणाने ओळीत दाणे चिकटवलेले. तिन्हींची टोके एकाच ज्योतीवर धरून सरांनी विचारले, "बाई, कुठल्या सळीचा दाणा आधी पडेल?" मी रागात होते. पण दाणा कधी पडतो हे बघितल्याशिवाय राहवेना. तांब्याचा पहिला पडला. मग दुसरा, तिसरा. पितळ मागून आले, आणि लोखंडावरचे दाणे कितीतरी वेळ तसेच होते. सर म्हणाले, "कालची लेकरं हेच करत होती. ऊब इकडची तिकडं जाते, पण कण आपली जागा सोडत नाहीत. शेजारच्याला धक्का देतात, शेजारचा त्याच्या शेजारच्याला. धक्के फारच वाढले की मात्र खांद्यावरचे हात सुटतात. मग पोरं मैदानात तर असतात, पण रांग राहत नाही. तेच वितळणं."

मी विज्ञानात कायम काठावर पास झालेली बाई. पण त्या दिवशी स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या मला जे समजले ते मॅट्रिकपर्यंत कुणी समजावले नव्हते. माझा राग किती वेळात गेला ते सांगत नाही, सर त्यावरही एखादा प्रयोग करायचे.

सरांचे शिकवणे हे असे. प्रयोगशाळा नावाची खोली शाळेत होती, पण तिच्या कुलपाची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई शेतात. सरांनी कधी तिची वाट पाहिली नाही. स्वयंपाकघरातले, गोठ्यातले, बाजारातले जे हाताला येईल त्यावर ते शिकवीत. एकदा त्यांनी हिंगोलीहून बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून एसटीने आणली. निम्मी वाटेत वितळली आणि कंडक्टरची बोलणी खावी लागली. उरलेली घमेल्यात घालून, खाली शेगडी ठेवून, त्यांनी मुलांना थर्मामीटर बघायला बसवले. सतत ढवळायचे आणि पारा वाचायचा. खाली निखारे फुललेले, बर्फ वितळतो आहे, आणि पारा जिथल्या तिथे. मुले म्हणाली, "सर, हे बिघडलं." सर खूश झाले. "बिघडलं नाही रे. ऊब कामाला लागून राहिली. आधी हात सोडवायचं काम, मग वर चढायचं." शेवटचा खडा वितळल्यावर पारा हलला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिते आहे तिच्याकडे येते. सेवानिवृत्तीच्या वेळी गावकऱ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी सरांचा सत्कार ठरवला होता. मंडप सांगून झाला होता. सरांनी नकार दिला. लोक म्हणाले, केवढा विनय! काही म्हणाले, आढ्यता. सरांनी मला एवढेच सांगितले होते, "एक राहिलाय, बाई. तो सापडल्याशिवाय गळ्यात हार घालून घेणार नाही." तो एक कोण, हे माझ्याशिवाय फार जणांना ठाऊक नव्हते. आज सरांच्या परवानगीने सांगते.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा जवळा बाजारातच राहत होतो, मी, माझे यजमान आणि सासूबाई. विज्ञान प्रदर्शनासाठी सरांना एक निवेदन लिहायचे होते. सरांचे विज्ञान जेवढे सरळ तेवढेच शुद्धलेखन वाकडे, म्हणून ते दुरुस्त करून घ्यायला संध्याकाळी आमच्याकडे आले होते. ओसरीवर चहा घेत बसलो होतो. आत गॅसवर कुकर होता, त्यात तुरीची डाळ. सासूबाई आतून म्हणाल्या, "आज शिट्टी काहून न्हाई होऊन राहिली गं?"

मी लक्ष दिले नाही. सरांनी कप खाली ठेवला. "आजी, केव्हा ठेवला?"

"झाला की अर्धा घंटा."

सर उठले. दुसऱ्याच्या स्वयंपाकघराचा उंबरा कधी न ओलांडणारे सर चपलांसकट आत गेले, गॅस बंद केला, सासूबाईंचा दंड धरला आणि त्यांना ओढतच बाहेर घेऊन आले. सासूबाई तर संतापल्याच. "काय येड लागलं का या मास्तरला?" सरांनी आम्हा सगळ्यांना गल्लीत, समोरच्या भिंतीच्या आडोशाला नेऊन उभे केले आणि कुणाला आत जाऊ दिले नाही. मी घड्याळ बघत होते, सर आमच्या दाराकडे. पाऊण तासाने ते एकटेच आत गेले. बराच वेळ काही ऐकू येईना. मग त्यांनी हाक मारली, "या आता. निवला."

झाकण काढून त्यांनी आम्हाला दाखवले. शिट्टीखालचे भोक डाळीच्या सालपटांनी गच्च बुजले होते. वाफेला जायला वाट नव्हती. अशा वेळेसाठीच कुकरच्या झाकणाला दुसरा एक छोटा वॉल्व असतो. त्याच्या मधोमध मऊ धातूचा ठिपका असतो. कुकर प्रमाणाबाहेर तापला की झाकणातून ऊब त्या ठिपक्यापर्यंत पोचते, तो वितळतो आणि वाफ मोकळी होते. भात वाया जातो, माणसे राहतात. आमच्या झाकणाला त्या जागी वॉल्व नव्हता. चांगला जाडजूड लोखंडी बोल्ट होता, आतून नट घालून आवळलेला.

सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "रंगनाथानं पक्का करून देला. सारखा वितळायचा मेला. आता दोन वर्ष झाले, बघायची गरज न्हाई."

आमच्याच घरात त्या दिवशी काय झाले असते, ते मी त्या वेळी नीट समजूनसुद्धा घेतले नाही. समजले ते रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर. सासूबाई कुकरपासून दोन हातांवर भाकरी थापत बसल्या होत्या. त्यानंतर त्या चांगली पंधरा वर्षे जगल्या, नातीचे लग्न पाहिले, आणि रोज कुकरची पहिली शिट्टी झाली की न चुकता म्हणायच्या, "झाली बाई!" आम्हा घरच्यांना सरांविषयी काय वाटते हे मी आणखी वेगळे काय सांगू? आमच्या घरातले एक माणूस सरांनी आम्हाला परत दिले.

रंगनाथमामा म्हणजे आठवडी बाजारात भांड्यांची भोके डाग देऊन बुजवणारे, कल्हई करणारे म्हातारे गृहस्थ. पितळी भांडी घरोघरची गेली तसा कल्हईचा धंदा बसला, म्हणून कुकरच्या दुरुस्त्या करू लागले होते. पुढच्या बाजारी सर त्यांच्याकडे गेले, आणि मी सोबत होते. सर चिडलेले होते. "रंगनाथमामा, वॉल्वच्या जागी बोल्ट मारायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

रंगनाथमामांनी वर पाहिले आणि साधेपणाने म्हणाले, "तुमीच की, सर."

"मी?"

"व्हय. लोकं मला शिव्या देत होते न, वाल टिकत न्हाई म्हणून. मंग मी तुमाला इथंच इचारलं, या ठिकाणी, की सर, गॅसच्या जाळावर कुकरात न वितळणारी धातू कोणती. तुमी म्हणले, लोखंड. कितीबी तापलं तरी गॅसवर वितळायचं न्हाई. मी म्हणलं, बराबर हाय, लोखंडच मारावं."

सर तिथेच, भांड्यांच्या गराड्यात, एका उपड्या पातेल्यावर बसले. त्यांना तो प्रसंग आठवत नव्हता. आठवला नाही याचाच त्यांना जास्त त्रास झाला. येता-जाता कुणी काही विचारले आणि आपण उत्तर दिले, अशी त्यांची हजारो उत्तरे. मग त्यांनी विचारले, "मामा, असे किती केले?"

रंगनाथमामांनी बोटे मोजली. प्रत्येक कुकर त्यांना पोच्यांवरून आणि दांड्यावरून आठवत होता. पवारांचा, दांडा जळका. मास्तरणीचा, म्हणजे आमचा. पाटलाच्या धाकट्या सुनेचा, झाकणाला पोचा आलेला. छत्तीस निघाले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सर व्यासपीठावर उभे राहिले. मुलांना वाटले, आता काही प्रयोग. सरांनी सगळे होते तसे सांगितले. "मला प्रश्न आला. मी उत्तर दिलं. उत्तर बराबर होतं. पण हा माणूस काहून विचारून राहिला, हे मी विचारलं नाही. त्यामुळं कुणाचा तरी जीव जाऊ शकतो. ज्यांच्या घरच्या कुकरला बोल्ट आहे, त्यांनी हात वर करा." तीन हात वर झाले. सर त्याच दुपारी त्या तीन घरी गेले. आम्ही सहकाऱ्यांनी त्यांना समजावले की यात तुमचा दोष नाही. मुख्याध्यापकही म्हणाले की एवढं जाहीर बोलायची गरज नव्हती. सरांनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि पुढच्या रविवारी सायकल काढली.

त्यानंतर सरांना एक सवय जडली, ती आजही आहे आणि तिचा सर्वांना ताप आहे. सरांना काहीही विचारा, ते आधी कारण विचारतात, "काहून पायजे?" शिपाई विचारायचा, "सर, किती वाजले?" "काहून?" "घंटा द्यायची, सर." मगच वेळ सांगायचे. त्यांच्या घरी मीठ मागायला गेलेल्या शेजारणीलाही त्यांनी कारण विचारल्याचे वहिनी सांगतात. आम्ही स्टाफरूममध्ये नकला करायचो. सर हसायचे, पण सवय सोडायचे नाहीत.

पस्तीस घरे. वाचकांना वाटेल, त्यात काय मोठेसे? पण कुकर एका जागी राहत नाहीत. ते लेकीबरोबर सासरी जातात, वाटणीत दुसऱ्या भावाकडे जातात, ऊसतोडीला जाणाऱ्यांबरोबर परमुलखात जातात. खिशात तपकिरीच्या डबीत नवे वॉल्व आणि पिशवीत पाना, अशा सरंजामानिशी सर रविवार आणि सुट्ट्या फिरत. रंगनाथमामा कधी कधी सायकलच्या मागे बसून यायचे, घर दाखवायला. बोल्ट काढायचा, वॉल्व बसवायचा, पाणी ठेवून एक शिट्टी करून दाखवायची.

लोक सरळपणे काढू द्यायचे असे नाही. एकदा मीही गेले होते. औंढ्याच्या वाटेवरच्या एका गावात लग्नघरी पुऱ्या तळणे चालले होते. तिथल्या आजी बोल्टला हात लावू देईनात. "आमचा पक्का हाय. काहून काढता? वितळनारं देऊन जाता अन् परत आमालाच तकलीफ."

सर वादात पडले नाहीत. त्यांनी उकळत्या पाण्याचे पातेले मागितले, त्यात वॉल्वमधला मऊ धातूचा तुकडा पळीत धरून बुडवला. बायकांनी मोजून शंभर आकडे म्हटले. तुकडा जसाच्या तसा. मग तो कोरडा पुसून पुऱ्यांच्या कढईतल्या तेलात तीच पळी धरली. तुकडा पाऱ्यासारखा चमकत गोल झाला. पळीत इकडून तिकडे पळू लागला. सर म्हणाले, "आजी, पाणी आहे, वाट मोकळी आहे, तोवर हा उठत नाही. गडबड झाली की उठतो. याला वितळायसाठीच ठेवलाय."

आजींनी वाकून पळीत पाहिले. "म्हंजी हे शाणं हाय म्हणा की," त्या म्हणाल्या, आणि स्वतः जाऊन झाकण घेऊन आल्या. त्या घरी आम्हाला जेवल्याशिवाय सोडले नाही. त्या धातूत शिसे असते म्हणून कढईतले तेल मात्र सरांनी बदलायला लावले, त्यावरून सुनेने तोंड वाकडे केले.

सर कामात कडक आणि माणसांशी फार मऊ. त्याचा एक अनुभव सांगायलाच हवा. माझे यजमान आजारी पडले आणि मला महिनाभर नांदेडला दवाखान्यात राहावे लागले. माझे मराठीचे तास सरांनी न सांगता स्वतःकडे घेतले. मला काळजी नको म्हणून कळवलेही नाही. परत येऊन चाचणीचे पेपर तपासायला घेतले तर एका मुलाने कवितेच्या रसग्रहणात लिहिले होते, 'कवीचे दुःख आतून बाहेर येते व ओळीतून ओळीत जाते, शब्द मात्र जागा सोडत नाहीत.' दुसऱ्याने लिहिले होते, 'या कवितेत पारा वर चढत नाही, कारण आत काम चालू आहे.' मी पेपर घेऊन सरांकडे गेले. ते ओशाळून म्हणाले, "मला कवितेतलं कळत नाही, बाई. मला जे येतं त्यातूनच सांगितलं." मी दोघांनाही पैकीच्या पैकी गुण दिले होते, हे त्यांना सांगितले नाही. आज सांगते.

दोनेक वर्षांत चौतीस बोल्ट निघाले. पस्तिसावा परभणीकडे एका वीटभट्टीवर सापडला, त्याला आणखी दोन वर्षे गेली. राहिला छत्तिसावा. रंगनाथमामांना एवढेच आठवत होते की जवळच्याच एका वस्तीवरच्या मुलीच्या लग्नात तो आंदण दिला होता. 'चांगला टिकाऊ द्या' म्हणून तिच्या बापाने नव्या कोऱ्या कुकरचा वॉल्व काढून बोल्ट मारून घेतला होता. मुलीचे नाव सुमन. बाप पुढे गाव सोडून गेला. सरांनी सगळीकडे विचारले. कुठे कुकर फुटल्याची बातमी पेपरात आली की सर दिवसभर जेवत नसत. ते गाव कोणते, बाई कोण, हे कळेपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसे. वहिनींनी शेवटी घरी पेपर बंद केला, तर सर शाळेत येऊन वाचू लागले. सेवानिवृत्त झाले, पाय दुखू लागले, सायकल सुटली. रंगनाथमामा गेले. जायच्या आधी सर भेटायला गेले तेव्हा मामा म्हणाले, "सर, तेवढं एक राह्यलं."

या वर्षी हळद शिजवायच्या दिवसांत एका माजी विद्यार्थ्याचा सरांना फोन आला. कनेरगाव नाक्याला वाशिम रस्त्यावर एक छोटे हॉटेल आहे, चहा-नाश्त्याचे आणि दुपारी वरणभाताचे. हॉटेलवाली सुमनबाई, माहेर जवळा बाजारकडचे. तिच्या चुलीवरच्या कुकरला बोल्ट आहे, मी डोळ्यांनी पाहिला, असे तो म्हणाला. सरांच्या मुलाने गाडीने दोन दिवसांनी नेतो म्हटले. सर दोन दिवस थांबणार होते थोडेच! मला फोन आला, "बाई, येता का?" मीही आता सेवानिवृत्त. काहून, असे मी विचारले नाही.

हिंगोलीला बस बदलून आम्ही दुपारी नाक्यावर उतरलो. सरांच्या खिशात डबी होती, ती ते वाटभर वरून चाचपत होते. हॉटेलच्या पत्र्याखाली चूल पेटलेली, त्यावर काळाकुट्ट मोठा कुकर, आणि झाकणावर बोल्ट. बोल्टला मळकी चिंधी गुंडाळलेली. शेजारी चाळिशीची एक धट्टीकट्टी बाई कांदा चिरत होती. खाली जाळ होता. सर दारातच थबकले. त्यांनी माझा हात मागे ओढला आणि मोठ्याने म्हणाले, "बाई, आधी चूल विझव. बाहेर ये."

बाईने वर पाहिले. "काहून?"

सरांचे सगळे लक्ष खालच्या जाळाकडे. मीच पुढे होऊन घाईघाईने सांगितले, तुमच्या वडिलांनी लग्नात दिलेला कुकर, तो बोल्ट, तो फुटू शकतो, हे सर वीस वर्षांपासून तुम्हाला शोधत आहेत. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिने चिंधीला धरून झाकण सहज वर उचलले. आत भात रटरटत होता. वाफ पत्र्यापर्यंत गेली. सर दोन पावले मागे सरले आणि मग थांबले.

"याला रबर कुठंय?" त्यांनी विचारले.

"रबर?" बाई हसली. "त्याचं रबर पहिल्याच दिवाळीला गेलं, काका. दुसरं आनायला हिंगोलीला कोन जातं? मंग दांडा मोडला. तवापासून साधं पातेलंच हाय ते. वरून नुसतं झाकन ठेवते."

"म्हणजे एकदाही... शिट्टी नाही केली?"

"पाच-सहा महिने केली असंल. लेकरू व्हायच्या आधी."

सर बाकावर बसले. मी त्यांच्याकडे पाहिले. ते हसत होते. आधी हळू, मग मोठ्याने, मग खांदे हलायला लागले आणि मला कळले की ते हसत नाहीत. सुमनबाई घाबरली. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. "काका, काय झालं? मी काही वाईट बोलली का?"

"न्हाई लेकरा," सर म्हणाले. एरवी पुस्तकी बोलणारे सर त्या वेळी पार आपल्या आईच्या बोलीत गेले होते. "लई चांगलं केलं. रबर आनलं न्हाई, लई चांगलं केलं."

थोडे सावरल्यावर त्यांनी सवयीने पिशवीतून पाना काढला. तशी ती झाकण पाठीमागे लपवून म्हणाली, "बोल्ट काढू नका हं! दांडा न्हाई न त्याला. मंग झाकन उचलू कशानं?"

सरांनी झाकण मागून घेतले. बोटाने ती चिंधी चाचपली. "ही काहून बांधली?"

"चटका बसतो की. खालचा जाळ वरपर्यंत येतो लोखंडातून. चिंधीतून न्हाई येत."

"बराबर," सर म्हणाले. आठवीच्या वर्गात कुणी अचूक उत्तर दिल्यावर जसे म्हणायचे, अगदी तसेच. त्यांनी पाना पिशवीत परत ठेवला, आणि पस्तीस बोल्ट ज्यांनी हट्टाने काढले त्यांनी छत्तिसावा स्वतःच्या हाताने, चिंधी नीट घट्ट करून, तिथेच राहू दिला. आम्ही तोच भात जेवलो. सरांनी दोनदा वाढून घेतला.

परतीच्या बसमध्ये सर बसल्या बसल्या झोपले. त्यांच्याबरोबर इतक्या वर्षांत मी शंभरदा तरी प्रवास केला असेल, पण त्यांना कधी बसमध्ये झोपलेले पाहिले नव्हते. ते खिडकीतून बाहेरची स्वयंपाकघरे बघत असायचे. हिंगोली आली, सगळे उतरले, तरी सर उठेनात. डोके खिडकीला टेकलेले, तोंड किंचित उघडे, खिशातली डबी निसटून मांडीवर आलेली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, उठवा न त्यांना. गाडी डेपोत जाऊन राहिली." मी त्याला म्हटले, "जाऊ दे बाबा. आमाला बी घेऊन जा. त्यांना झोपू दे."

तो भला माणूस होता. आम्ही दोघे बसमध्ये बसून डेपोत गेलो. सर अर्धा तास झोपले आणि मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

त्या आठवड्यात सरांनी या अमृतमहोत्सवी सत्काराला होकार दिला. सर, तुम्हाला आणखी खूप वर्षे मिळोत, गुडघे चालत राहोत, भूक लागत राहो, आणि रोज दुपारी अशीच गाढ झोप येवो. कुठल्याही घरात शिट्टी झाली नाही तरी आता तुम्ही उठायचे नाही, आम्ही उठू.